उसाच्या बांधावरचे रावसाहेब

ठण्... ठण्... ठण्...

पाणंदीच्या मध्यावर अक्षदानं सायकलचे ब्रेक दाबले. दोन्ही अंगांना डोक्यावर गेलेला ऊस, दिवस कलतीला आलेला, आणि समोर बांधावर – कुणीतरी उभं होतं. उंच, काळं. ते सावकाश हात वर करायचं आणि धाडकन खाली टाकायचं.

दोन हजार दोन सालचा तो हिवाळा. पिंपरी पेंढारच्या मळ्यांमध्ये बिबट्यानं धुमाकूळ घातला होता. शेळ्या जात होत्या, कुत्री जात होती. दिवस मावळायच्या आत दारांना कड्या लागत. अक्षदा गावातल्या शिवणाच्या दुकानातून याच वाटेनं मळ्यातल्या घरी यायची, जीव मुठीत धरून. आज तो मुठीतूनही निसटायला लागला होता.

"को... कोण हाय तिकडं?"

"भिऊ नका! मी हाय!"

"मी म्हंजी कोण?"

पाटातून एक तरुण उभा राहिला. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात पक्कड, दातात तारेचा तुकडा. तार काढून तो हसला. "सुदर्शन. आणे गावचा. नारायणगावात मोटार वायंडिंगचं दुकान हाय माजं. धर्माजीअण्णांची मोटार बसवायला आलो व्हतो. पाटाचं पाणी बघितलं अन् डोक्यात किडा वळवळला."

धर्माजीअण्णा म्हणजे अक्षदाचेच वडील. आणि किडा असा होता की, सायकलच्या जुन्या रिंगेला पत्र्याची पाती ठोकून सुदर्शननं ती पाटाच्या धारेत बसवली होती. पाणी वाहिलं की रिंग फिरे, तार ओढली जाई आणि बांधावरच्या बुजगावण्याचा हात तेलाच्या रिकाम्या डब्यावर आपटे.

अक्षदाची भीती ओसरली आणि राग चढला. "ओ भाऊ, बिबट्या पळायच्या आधी माणसं मरतील की भिऊन!"

"भाऊ सोडून दुसरं कायबी म्हणा."

"अन् ह्याला घातलंय काय? खताची गोणी? बिबट्या हसून मरंल."

सुदर्शननं तिच्या कॅरियरवरच्या चिंध्यांच्या पिशवीकडं पाहिलं. मग तिच्याकडं. जरा जास्तच वेळ.

"मग तुमी घाला की चांगलं काय तरी..."

अक्षदा पॅडल मारून निघाली. पण त्या संध्याकाळी तिला जेवण गेलं नाही. डोक्यात कापडं नाचत होती.

तिचं असंच होतं. सरळ, साधं काही करणं तिला जमायचंच नाही. परकराला खिसा लावील, तर त्या खिशाला कैरीचा आकार देईल. भाकरीच्या पिठाचा उरलेला गोळा असला तरी त्याची चिमणी करून चुलीच्या कडेला बसवील. दुकानातल्या बाया खूश असत, घरी मात्र अण्णा म्हणत, "नसते उद्योग! सासरी गेल्यावर कोण खपवून घेणार हे?" आणि आई, साळुबाई, पदरात हसू लपवी.

दुसऱ्या दिवशी बुजगावण्याच्या अंगात लाल-पिवळ्या ठिगळांचा कोट आला. डोक्याला फेटा, त्याला तुरा. डोळ्यांच्या जागी बांगड्यांच्या चमकत्या काचा, बाहीला टिनाच्या पट्ट्या – वारा आला की सळसळणाऱ्या.

सुदर्शन कितीतरी वेळ त्याच्याभोवती फिरला. बाही उचलून पाहिली. शिवण पाहिली. मग हळूच म्हणाला, "हे... कसं सुचलं तुमाला?"

अक्षदाला हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. कशाला केलंस, असं सगळे विचारत. कसं सुचलं, असं विचारणारा हा पहिलाच. तिनं उगाच फेट्याचा तुरा सारखा केला. "सुचतं... आपलं. तुमाला न्हाई का सुचत?"

"सुचतं की. पर ऐकायला कुणी नसतं."

बुजगावण्याचं नाव तिनं रावसाहेब ठेवलं. मग सुदर्शनला रावसाहेबांच्या तब्येतीची फारच काळजी वाटू लागली. कधी तार ढिली होई, कधी डबा फुटे. आण्याच्या पठारावरचा तो माणूस. तिकडं पाण्याचा थेंब दिसत नाही, म्हणून पाटाच्या धारेकडं तो लहान पोरासारखा बघत बसे. अक्षदा दुकानातून जरा लवकर निघे. रोज काहीतरी नवी युक्ती निघे – "हे असं वळवलं तर?" "न्हाई, तसं न्हाई, उलटं करा." दोघांच्या मधे तार असे, दोघांची बोटं तारेला असत. आणि तार ताणली गेली की ती नेमकी कुणी ओढली, ते कळत नसे.

"तुमी बोलता लई," ती म्हणे.

"गप बसू?"

"...तसं कुठं म्हणलं मी?"

बिबट्या मात्र गेला नव्हता. शेजारच्या मळ्यातलं कुत्रं दिवसाढवळ्या गेलं, तेव्हा अण्णांनी मनाशी काहीतरी ठरवलं. एका सकाळी चहा पिताना ते म्हणाले, "भोसरीचं स्थळ हाय. पोरगा कंपनीत. या रविवारी बघायला येत्यात. हितं तुला ठिवून माज्या जिवाला घोर नगं."

अक्षदानं त्या संध्याकाळी पाटावर सुदर्शनला सांगितलं. सांगताना ती त्याच्याकडं बघत होती. तो पान्याकडं.

"कंपनीत हाय म्हणत्यात."

"मग... चांगलंय की." पाना एकाच नटावरून दोनदा सटकला. "शहरात बिबट्याची भीती न्हाई."

"एवढंच?"

"अजून काय म्हणू? माज्या गावात प्यायला टँकर येतो, अक्षदा."

पहिल्यांदा त्यानं तिला नावानं हाक मारली होती, आणि तीही अशी! तिनं सायकल वळवली. मागून ठण्... ठण्... येत राहिलं. सुदर्शनची हाक आली नाही.

त्यानंतर तो पाटाकडं फिरकला नाही. रविवार जवळ येत गेला. आदल्या दिवशी सकाळी विहिरीवरची मोटार बंद पडली आणि अण्णांनी नारायणगावला निरोप धाडला. दुपारी सुदर्शन आला तो थेट विहिरीकडं गेला, घराकडं नजरसुद्धा न टाकता. अण्णा पाहुण्यांसाठी बाजार करायला ओतूरला गेले. अक्षदा ओसरीवर सुईदोरा घेऊन बसली. उद्या नेसायच्या साडीला फॉल लावत होती, आणि सुई सारखी बोटात जात होती.

दिवस कलला. काहीतरी चुकल्यासारखं तिला वाटत होतं, पण काय ते कळेना. मग एकदम लक्षात आलं. डबा वाजत नव्हता. मोटार बंद, म्हणून पाट कोरडा, म्हणून रावसाहेब गप्प. सकाळपासून उसात कसलाच आवाज नव्हता.

तेवढ्यात शेजारच्या मळ्यातली धोंडाबाई धापा टाकत आली. "साळूबाय, पोरीला आत घे! विहिरीच्या अंगाला गेला... आत्ता, माज्या डोळ्यांनी बघितला!"

"आई, विहिरीवर ते हायेत!"

"आगं बया..." साळुबाईच्या हातातलं सूप गळालं. "वस्तीवरची माणसं बोलावते मी. तू हितंच थांब!"

पण वस्ती लांब होती. अक्षदाचं डोकं एकाएकी लख्ख झालं, नवं कापड समोर पसरल्यावर व्हायचं तसं. आवाज पाहिजे. न थांबणारा आवाज. तिनं भिंतीवरची पिशवी ओढली. आईच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे निघाला. कात्रीनं त्याच्या पट्ट्या केल्या, कपड्यांचे चिमटे घेतले आणि सायकलच्या मागच्या चाकाच्या आऱ्यांत पट्ट्या घुसतील अशा अडकवल्या. पॅडल मारलं – फर्रर्र! जुन्या बुलेटसारखं. कॅरियरला तिनं पितळी परात बांधली, लोंबती, आणि पाणंदीत घुसली.

फर्रर्र... ठणाण्... फर्रर्र...

मोटारीच्या खोलीच्या पत्र्यावर सुदर्शन उकिडवा बसला होता. आणि खाली बांधावर, चार उड्यांच्या अंतरावर, तो. पिवळाजर्द, अंगावर ठिपके, शेपटीचं टोक तेवढं हलतंय.

"अक्षदा! मागं फिर!" सुदर्शन ओरडला.

मागं फिरायचं म्हणजे पाठ दाखवायची. सायकल थांबवली तर आवाज थांबणार. तिनं उतरून सायकल झटक्यात उलटी केली, हँडलवर उभी केली आणि हातानं पॅडल गरगरा फिरवायला लागली. चाक फिरत होतं, पट्ट्या फडफडत होत्या, दुसऱ्या हातानं ती परातीवर दगड हाणत होती. डोळे त्याच्या डोळ्यांत.

बिबट्यानं कान मागं टाकले. दात दाखवले. तिनं पॅडल आणखी जोरात फिरवलं... आणि तो उठला. काही घाई न करता, जणू या कटकटीचा कंटाळा आल्यासारखा, वळून उसात शिरला. पाती हलत हलत लांब गेली.

"गेला तो," सुदर्शन वरून म्हणाला. "थांब आता."

"मी न्हाई थांबणार!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात थांबत नव्हता. "तुमी... तुमी वरच बसा! बोलायच्या वक्ताला तोंड शिवलेलं असतं तुमचं!"

"काय?"

"उद्या पाहुणे येणारेत माजे!"

सुदर्शन पत्र्यावर उभा राहिला. काहीतरी बोलला. चाकाच्या आवाजात ते विरून गेलं.

"ऐकू न्हाई आलं!"

"म्हणलं, मला तू पायजे!"

आलं होतं ऐकू. तरी ती म्हणाली, "काय?"

तेवढ्यात पट्टी तुटून उडाली. चाक गप्प झालं. आणि त्या शांततेत, छाती फुटेस्तोवर ओरडलेला सुदर्शनचा आवाज सगळ्या मळ्यात घुमला –

"माज्याशी लगीन करशील का?"

पाणंदीच्या तोंडाशी काठ्या, कोयते, बॅटऱ्या घेतलेली वस्ती जागच्या जागी थबकली. सगळ्यात पुढं, बाजाराची पिशवी अजून हातातच असलेले अण्णा.

अण्णांनी उलट्या सायकलकडं पाहिलं, चेपलेल्या परातीकडं पाहिलं, लेकीच्या रक्ताळलेल्या बोटांकडं पाहिलं.

"हे... तू केलंस?"

"हो."

"एकटीनं?"

"हो अण्णा." ती म्हणाली, "अन् भोसरीला मी जायची न्हाई. मला भीती वाटती, पर हितंच वाटू द्या."

साळुबाईनं नवऱ्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. "ऐकलं ना? आता त्या पोराला खाली तर उतरवा."

अण्णांनी बॅटरीचा झोत वर टाकला. सुदर्शन उजेडात डोळे मिचकावत उभा. "काय रे," ते खाकरून म्हणाले, "मोटार झाली का?"

"झ... झाली अण्णा. बटन दाबायचं राह्यलंय."

"मग दाब की. अन् उद्या आण्याहून आई-वडलांना घिऊन ये. भोसरीला मी निरोप धाडतो."

सुदर्शननं पत्र्यावरून उडी मारली ती थेट चिखलात. उठला, खोलीत शिरला. खट्कन आवाज झाला, मोटार घुमली आणि पाटात पाणी सुटलं. माणसं बॅटऱ्या घेऊन पुढं चालू लागली. अक्षदा मात्र पाटाच्या कडेला बसली. सुदर्शन शेजारी येऊन बसला, तिचा दुखावलेला हात त्यानं वाहत्या पाण्यात धरला, आणि आपल्या ओंजळीत ठेवला.

"उत्तर न्हाई दिलंस तू," तो हळूच म्हणाला.

"एवढ्या लोकांसमोर?"

"आता न्हाई कुणी."

पाणी गार होतं, त्याचा हात उबदार. अक्षदानं त्याच्याकडं पाहिलं, आणि पहिल्यांदाच 'तुमी' न म्हणता, अगदी कानाजवळ जाऊन सांगितलं –

"करीन रे, येड्या."