कुलूप काढताना

"प्रियदर्शनी मॅडम तुमीच का? मी बिभीषण, केम गावचा. नवा कॉम्प्युटर मीच दिलाय."

"मग परत घेऊन जा! आठ कोरचा, आठजण एकदम राबतील म्हणालात... अन् काम जुन्याइतकंच हळू."

चादरीचं चित्र मागाला समजेल अशा फाइलीत उतरवणारा प्रोग्राम मी एकटीनं लिहिला होता. दुपारपर्यंत तो पळाला नाही, तर कारखान्याचे चनमल्लप्पा मालक बाहेरून तयार सॉफ्टवेअर आणणार होते. माझी दोन वर्षं कचऱ्यात जाणार होती.

तो खुर्ची ओढून शेजारी बसला. तासभर स्क्रीनवर डोळे, अधूनमधून... माझ्याकडे. आठही कोरच्या कामाचे आलेख तळाशी चिकटलेले.

"आठांना काम दिलंय तुमी, पण प्रत्येक टाक्याचा रंग बघायला सगळी एकाच यादीकडं जातायत," तो म्हणाला. "यादीला कुलूप. एक आत, सात दारात."

"ते कुलूप मीच लावलंय. एकदा चादरीवरचा मोर अख्खा लाल विणला गेला होता! तेव्हापासून ताकही फुंकून पिते मी."

"व्हय, पण काम चालू असताना यादीतले रंग बदलतात का?"

बदलत नव्हते. नावाला जागला मेला, नेमका घरातलाच भेद काढला!

यादीच्या आठ प्रती केल्या, ज्याची त्याला. कुलपाची ओळ पुसताना बोट अडलं. "मोर लाल झाला तर?"

"तर मी हितंच बसतो की, निळा होईस्तोवर."

मी ओळ पुसली. आठही आलेख उसळले. चाळीस मिनिटांचं काम सहा मिनिटांत झालं, आणि मोर निळाच होता. मालक बघून गेले, "आपलाच ठेवू प्रोग्राम," म्हणाले. मला रडूच आलं. बिभीषणनं गुपचूप पाण्याचा तांब्या पुढं सरकवला, आणि तो मला आवडला. अगदी सरळ आवडला.

बॅग खांद्याला लावून तो दारात घुटमळला.

"गाडी चुकेल," मी म्हटलं.

"चुकू दे की... तुमच्यासंगं च्या प्यायचाय. पण आदी विचारायचं कुणाला? मालकांना? तुमच्या घरी?"

"मला विचारा ना."

त्याचे कान लाल झाले. "...येता?"

मी पर्स उचलली. तो अदबीनं दारातून बाजूला झाला, आधी मी जावं म्हणून.

"आता कुणी कुणासाठी दारात थांबायचं नाही," मी म्हटलं. "चला, दोघं एकदमच जाऊ."

दार तसं अरुंदच होतं.