गजवैद्यकाचं एकतिसावं पान

"जे पान मी पाहिल्याचं मला आठवतसुद्धा नाही, ते मी चोरलं म्हणतात," सुब्बण्णा जोयिस म्हणाले. समोरच्या कॉफीला त्यांनी हात लावला नव्हता.

विशालाक्षी अरस यांनी पेला त्यांच्याकडे सरकवला. "आधी घ्या. चोरी काही निवत नाही, कॉफी निवते."

विमा कंपनीत सव्वीस वर्षं खोटे दावे पकडून विशालाक्षी निवृत्त झाल्या होत्या, आणि आता म्हैसूरच्या लक्ष्मीपुरममध्ये घराच्या पुढच्या खोलीत बसून तेच काम स्वतःच्या नावावर करत होत्या. खिडकीशी पेपर घेऊन बसलेले मादप्पा त्यांच्या नवऱ्याचे जुने स्नेही. नवरा गेला, स्नेह राहिला. निवृत्त पोस्टमास्तर असल्यामुळे दुसऱ्याची बातमी वेळेवर पोचवणं हा त्यांचा धर्म होता. बंगळूरच्या मुलाने त्यांच्या फोनवर सगळ्याची उत्तरं देणारं यंत्र घालून दिल्यापासून त्यांना जगात अवघड असं काही उरलं नव्हतं.

जोयिसांनी कॉफी घेतली आणि सांगायला लागले. श्रीकंठ पोथीशाळेत ते चौतीस वर्षं पोथ्या सांभाळत होते. दोन महिन्यांपूर्वी पोथीशाळेच्या ट्रस्टने बंगळूरच्या 'लिपिदीप' कंपनीला बोलावलं. कंपनीने हत्तींच्या औषधांच्या एका ताडपत्री पोथीचे फोटो काढले आणि एआयकडून ती वाचून घेतली. एकतिसाव्या पानावर हत्तीच्या गुडघेदुखीचं औषध निघालं. ते पेपरात छापून आलं आणि माणसांचेच फोन सुरू झाले. मग तंजावरच्या एका अभ्यासकांनी मूळ पान बघायला मागितलं.

"पोथी सोडली," जोयिस म्हणाले, "तर तिसाव्या पानानंतर बत्तिसावं."

"आणि किल्ली तुमच्याकडे."

"किल्ली माझ्याकडे. सेक्रेटरी हेगडे चार माणसं घेऊन घरी आले. झडती घेतली. बायकोची ट्रंक ओट्यावर आणून उपडी केली, सगळ्या गल्लीसमोर. चार दिवस झाले, ती दारात रांगोळी काढायला बाहेर आलेली नाही. आज पाच वाजता ट्रस्ट पोलिसांत तक्रार देणार आहे."

"पोथीत पानं किती?"

"शेवटच्या पानावर चौऱ्याण्णव आकडा आहे. रजिस्टरात तेवढीच नोंद."

"तुम्ही मोजलीत कधी?"

जोयिस दचकले. "पोथीची पानं मोजत नाहीत, अम्मा. मोजलं की घटतं. माझ्या गुरूंनी मोजली नाहीत, मीही नाही. वर्षातून एकदा तेल लावतो, सावलीत वाळवतो, बांधून ठेवतो. तेल लावणारा काही आकडे बघत नाही. एक पान म्हणजे एक औषध, पान संपलं की औषध संपलं. त्यामुळे मधलं पान गेलं तरी वाचताना अडत नाही."

"तुमच्यावरच संशय का?"

"यंत्राबद्दल मी चारचौघांत बोललो, ते अंगाशी आलं. म्हटलं, याला 'माहीत नाही' एवढं म्हणता येत नाही. असा विद्यार्थी मी वर्गात बसू दिला नसता."

ते गेल्यावर मादप्पांनी फोनवर बोट फिरवलं. "यंत्र म्हणतंय, अशा प्रकरणात पाच शक्यता असतात. पहिली, ज्याच्याकडे किल्ली तोच."

"बाकीच्या चार?"

"त्या वाचायची गरज आहे का, अक्का?"

रिक्षात मादप्पांना राहवेना. "तुम्ही याला उगीच कमी लेखता. काल मी विचारलं, हुणसूरचे माजी पोस्टमास्तर मादप्पा कोण? तर म्हणतं, राष्ट्रपतिपदक मिळालेले कर्तव्यदक्ष अधिकारी."

"मिळालंय तुम्हाला पदक?"

"नाही. पण मिळायला हवं होतं, हे त्याला कळलं की नाही?"

"मग तुम्ही त्याची चूक दाखवलीत?"

"छे. कशाला?"

विशालाक्षींनी मान हलवली आणि रिक्षावाल्याला पोथीशाळेचं वळण दाखवलं.

पोथीशाळेत पहिला भेटला तो फोटोग्राफर नेल्सन लोबो. माणूस मंगळूरचा, बोलायला मोकळा.

"प्रत्येक पानाचे दोन फोटो, मॅडम. पुढून एक, मागून एक. एकही पान सोडलं नाही."

"एकूण किती?"

"एकशे शहाऐंशी. आकडा कॅमेराच टाकतो. मधला एक जरी पुसला तरी आकडा गळतो. माझा एकही गळलेला नाही, कार्ड माझ्याजवळ आहे, बघा."

"पानांवरचे आकडे तुम्ही वाचले होते?"

"मला कुठली ती लिपी येते? मुंग्यांची रांग दिसते नुसती."

मादप्पांनी वहीत '१८६ फोटो' असं टिपून घेतलं आणि खाली सवयीने रेघ मारली.

लिपिदीपचे मालक प्रणव शेणॉय आतल्या खोलीत होते. तिशीतला तरुण, आवाजात कीर्तनकाराची तळमळ. पाच वर्षांत जगातली एकही पोथी न वाचलेली राहणार नाही, हे त्यांनी बसायला सांगण्याआधी सांगितलं. मादप्पा भारावून ऐकत होते.

"एकतिसाव्या पानाचा फोटो दाखवता?" विशालाक्षींनी विचारलं.

"तोच तर पुसलाय. कॉम्प्युटर इथेच होता, खोलीची किल्ली जोयिसांकडे."

"पान होतं हे कशावरून?"

"मजकूर आहे ना! मजकूर आहे म्हणजे पान होतं. आता नाही म्हणजे कुणीतरी नेलं. यात यंत्र कुठे चुकलं?"

"किडीने खाल्लेल्या जागी यंत्र काय करतं?"

"टिंबं टाकतं. आम्ही प्रामाणिक काम करतो, मॅडम. रजिस्टर बघून त्याला आधीच सांगितलं होतं, चौऱ्याण्णव पानं आहेत, सगळी सलग लावून दे. पहाटेपर्यंत सगळी तयार. जोयिसांसारख्यांना हेच सोसत नाही. आयुष्यभर जे जमलं नाही ते एका रात्रीत झालं, मग पोटात दुखणारच."

मादप्पा छापील प्रत चाळत होते. चोविसाव्या पानापासून चाळिसाव्यापर्यंत मधोमध टिंबंच टिंबं. "ही पानं म्हणजे गाळलेल्या जागा भरा," ते कुरकुरले. "हे एकतिसावं तेवढं बरं. एक टिंब नाही, सरळ वाचून टाकावं."

विशालाक्षींनी ती प्रत त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली.

सेक्रेटरी रत्नाकर हेगडे कडक इस्त्रीचे गृहस्थ होते. तक्रारीचा कागद त्यांच्या टेबलावर तयार होता.

"जोयिस माणूस चांगला," ते म्हणाले, "पण द्वेषाने माणूस काय करेल सांगता येत नाही. ते पान मी स्वतः हातात धरलं होतं. फोटो काढले त्याच दिवशी."

"कसं होतं दिसायला?"

"अखंड. मागची-पुढची किडीने खाल्लेली, हे मात्र नव्यासारखं. म्हणून तर लक्षात राहिलं."

"भोक, चीर, काहीच नाही?"

"काहीच नाही. लिहून देऊ?"

"द्याच," विशालाक्षी म्हणाल्या. हेगड्यांनी तक्रारीच्या पाठीवर चार ओळी लिहून सही ठोकली.

बाहेर व्हरांड्यात मादप्पांनी सुस्कारा सोडला. "आता हो, अक्का? डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार निघाला. जोयिसांचं कठीण आहे."

"मघाशी तुम्ही अर्धं कोडं सोडवलंत, पोस्टमास्तर. उरलेलं सोडवायला पोथी बघू या."

सव्वाचारला सगळे मोठ्या टेबलाभोवती जमले. हेगड्यांनी कपाटाचं कुलूप काढलं, पण पोथीची दोरी विशालाक्षींनी जोयिसांनाच सोडायला सांगितली. चार दिवसांनी पोथी हातात आली तशी म्हाताऱ्याने ती आधी कपाळाला लावली. ते बघून मादप्पांना वाईट वाटलं आणि यंत्राची पहिली शक्यता आठवून थोडी लाजही वाटली.

"तेविसावं पान दाखवा. आता चोविसावं."

चोविसाव्या पानाच्या मध्यावर सुईच्या नेढ्याएवढं भोक होतं. जोयिस पुढची पानं उलटत गेले, तसं ते उजवीकडे सरकत गेलं.

"इथून किडा शिरला," विशालाक्षी म्हणाल्या. "चाळिसाव्यातून बाहेर पडला. तो तिरका गेलाय. दर पानावर भोक आदल्या पानापेक्षा एक तीळभर उजवीकडे. तिसावं आणि बत्तिसावं शेजारी ठेवा."

जोयिसांनी ठेवली. सगळे वाकले.

"किती सरकलंय?"

"एक तीळ," लोबो म्हणाला.

"मध्ये एक पान असतं तर दोन तीळ सरकलं असतं. किडा पोथी पोखरत गेला तेव्हा तिसाव्याला चिकटून बत्तिसावंच होतं. लिहिणारा माणूस होता. तीस लिहून जेवायला उठला असेल, येऊन बत्तीस घातलं. पुढे कुणी मोजलं नाही, शेवटचा आकडा बघून रजिस्टरात चौऱ्याण्णव लिहिलं. या पोथीत एकतिसावं पान कधी नव्हतंच."

शेणॉय ताडकन उभे राहिले. "पण यंत्राने वाचलंय ते!"

"लोबोंचे फोटो एकशे शहाऐंशी. एका पानाचे दोन. म्हणजे पानं किती?"

मादप्पांनी वहीतल्या रेघेखाली भागाकार केला, जो त्यांना दुपारीच करता आला असता. "त्र्याण्णव."

"जोयिस, तुमचा नेम मोडला नाही. तुम्ही मोजलं नाही, कॅमेऱ्याने मोजलं. आकडा एकही गळलेला नाही, म्हणजे फोटोही कुणी पुसला नाही."

"मग फोटो काढायच्या आधीच चोरलं असेल," शेणॉय म्हणाले.

"बरं. मग तुमच्या यंत्राने वाचलं काय?"

शेणॉय छापील प्रत उलटसुलट चाळायला लागले.

"किडा सतरा आकड्यांतून गेला," विशालाक्षी पुढे म्हणाल्या. "सोळा पानांवर तुमच्या छापील प्रतीत मधोमध टिंबं आहेत. नाहीत ती फक्त एकतिसाव्यावर. हे मादप्पांनी हेरलं, फक्त त्यांना वाटलं की ते पान चांगलं आहे. किड्याला एक पान ओलांडून उडी मारता येत नाही. जे पान कुणी बघितलं नाही तेच एवढं धडधाकट असतं. शेणॉय, यंत्र सुरू आहे ना? त्याला म्हणावं, पंचाण्णवावं पान दे."

"पंचाण्णवावं नाहीच आहे."

"तेच बघायचंय. रजिस्टरात पंचाण्णव आहेत असं सांगा, जसं चौऱ्याण्णव सांगितलं होतं."

शेणॉयनी नाखुशीने टाइप केलं. पडद्यावर ओळी उमटायला लागल्या. हत्तीला झोप येत नसल्यास जायफळ उगाळून, गुळाबरोबर, सात दिवस. भाषा जुनी, वजनदार, अगदी पोथीसारखी. शेवटी शुभाशीर्वादसुद्धा होता. शेणॉय खुर्चीत बसले आणि त्या ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. एवढी श्रद्धा मोडताना बघून मादप्पांना त्या पोराची कीव आली.

"म्हणजे यंत्र खोटं बोललं," मादप्पा म्हणाले.

"खोटं बोलायला आधी खरं माहीत असावं लागतं. त्याला चौऱ्याण्णव सांगितली, त्र्याण्णव दाखवली, त्याने ठिगळ लावून दिलं. ते त्याचं कामच. ठिगळालाच यांनी कापड म्हटलं. शेणॉयचं वेड निदान खरं होतं. जाणूनबुजून खोटं या टेबलाशी एकाच माणसाने सांगितलंय आणि सही करून दिलंय."

विशालाक्षींनी तक्रारीचा कागद पालथा घातला. "अखंड होतं, नव्यासारखं होतं, हातात धरलं होतं. हेगडे, काय धरलं होतंत तुम्ही?"

हेगड्यांनी स्वतःच्या सहीवर तळहात ठेवला. "पेपरात माझं नाव छापून आलं होतं. शेणॉय म्हणाले यंत्र चुकत नाही. मग पान होतंच. होतं तर मी बघितलं असणारच, असं वाटलं."

"आणि त्या वाटण्यावर एका बाईची ट्रंक रस्त्यावर उपडी केलीत."

हेगड्यांनी तक्रार फाडली. मग रुमालाने कपाळ पुसत म्हणाले, "झालं ते झालं. आता बोभाटा नको. पान सापडलं असं जाहीर करू. जोयिस, उद्यापासून नेहमीसारखे कामावर या."

"नसलेलं पान सापडलं," जोयिस शांतपणे म्हणाले, "म्हणजे मी ते गुपचूप आणून ठेवलं, असंच लोक म्हणतील. तुम्ही आत्ता माझ्या घरी चला. मला काही सांगू नका. तिला सांगा."

पाच वाजता गल्ली ओट्यावर येऊन बसली होती. पुढे जोयिस, मागे हेगडे आणि शेणॉय, त्यांच्या मागे विशालाक्षी आणि मादप्पा. चोराला घरी आणलं, की आता नेणार, असा प्रश्न प्रत्येकाच्या तोंडावर होता.

जोयिसांच्या पत्नी नागरत्नम्मा दारात आल्या. उंबरठ्याच्या आतच थांबल्या. हेगडे ओट्याच्या पायरीशी उभे राहिले आणि खाली मान घालून पुटपुटले, "चूक आमची झाली, अम्मा. पान नव्हतंच. जोयिसांनी काही नेलेलं नाही."

नागरत्नम्मांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, मग समोरच्या ओट्यांकडे.

"मोठ्याने सांगा," त्या म्हणाल्या. "झडती मोठ्याने झाली होती."

हेगड्यांनी घसा साफ केला, गल्लीकडे तोंड केलं आणि मोठ्याने सांगितलं.