काळ्या दुपट्ट्याचा कौल

"बिना कढ़ाई का? चौक में?" भरतकामासाठीच नावाजलेल्या त्या बाजारातल्या दुकानदाराने अबोलीकडे असं पाहिलं, जणू तिने मिठाईच्या दुकानात कारलं मागितलं होतं.

"हाँ भैया, काला दुपट्टा... एकदम प्लेन." मग ती स्वतःशीच पुटपुटली, "आता कुठे मिळायचं बाई हे!"

शेजारी कुणीतरी खुदकन हसलं. बहिणीसाठी कुर्ता बघणारा एक उंच तरुण. अबोलीच्या पिशवीतून डोकावणाऱ्या बांबूच्या तुकड्याकडे पाहत त्याने चक्क मराठीत विचारलं, "कीड लागलीय का?"

अबोली उडालीच. जानकीपुरममधल्या वाचनालयाचं बांबूचं छप्पर हे आर्किटेक्ट म्हणून तिचं पहिलं स्वतंत्र काम. उद्घाटन तोंडावर आलेलं, आणि आज फरशीवर पिवळसर भुकटी! कीड निघाली तर सगळं उतरवून पत्रे ठोकायचे, असं मालकांनी बजावलं होतं. आता भुकटी पुसून खाली काळं कापड अंथरायचं. नवी पडली, तर किडा आत जिवंत आहे.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मलिहाबादला बांबू लावलाय मी. पप्पा एअरफोर्समधून रिटायर होऊन इथेच राहिले. म्हणतात, सगळ्यांच्या शेतात आंबा आणि आमच्या अमोघच्या शेतात बांबूचं गवत... बोला यार!"

अमोघनेच मग दुकानदाराला पटवून आतून एक साधा काळा दुपट्टा काढायला लावला. वाचनालयात तो अंथरायलाही आला. शिडीवर चढून त्याने एकेक बांबू टिचकी मारून ऐकला. शिडी धरलेल्या अबोलीची नजर बांबूंवर कमी आणि त्याच्यावरच जास्त होती. ती स्वतःवरच चिडली. छप्पर जायची वेळ आली, आणि हिला हे काय सुचतंय!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोचली, तर हा आधीच दारात हजर. दोघं दुपट्ट्यावर वाकली. काळाभोर! एक कण नाही.

"बोल्टसाठी भोकं पाडताना अडकलेला भुसा होता तो," अमोघ म्हणाला.

अबोली मटकन खाली बसली. हसली, डोळे पुसले, पुन्हा हसली. किती हलकं वाटत होतं! अमोघ मात्र अजून दुपट्ट्याकडेच बघत होता.

"तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला ना... पण काल घरी जाताना वाटलं, चिमूटभर पडावी."

"काय?"

"थोडीशीच हो! म्हणजे... तुम्ही पुन्हा बोलावलं असतं." तो कानापर्यंत लाल झाला. "मला तुम्ही आवडलात, अबोली."

तिने दुपट्ट्याची नीट घडी घातली आणि त्याच्या हातात ठेवली.

"कीड काय, कधीही लागेल. दर रविवारी तपासायला या."

"आणि भुकटी कधीच पडली नाही तर?"

"तरीही यायचं," अबोली म्हणाली.