चौथं कडवं

व्हिटबी बंदरातल्या एका पबच्या माडीवर रविवारी दुपारी आमची लोकगीतवाली मंडळी जमतात. ओल्या स्वेटरांचा वास, सांडलेली बिअर आणि मध्यंतरात सोडत. बक्षीस म्हणजे मांसाचा तोच तो डबा, कारण ज्याला लागतो तो गुपचूप परत आणून ठेवतो.

मी विनी. लायनेल गाणी रचतो, गिटार वाजवत गातो आणि मी व्हायोलिनवर साथ करते. तरुणपणी त्याचं एक गाणं गाजलं. तेव्हापासून लोक तेवढंच मागतात आणि नवं सुरू झालं की बिअर आणायला उठतात.

"आज नवंच गातो," गाडीत तो म्हणाला. "हे लायनेलचं गाणं, असं एकजण जरी म्हणाला तरी पुरे. नाहीतर गिटार विकून कोंबड्या पाळतो."

"कोंबड्या तरी शेवटपर्यंत बसतील का?" मी म्हटलं.

गाणं त्यानं त्याच सकाळी माझ्या स्वयंपाकघरात रचलं होतं. त्यापायी माझा टोस्ट करपला.

पहिलं कडवं संपलं आणि ध्रुवपद अख्ख्या माडीनं उचललं. आमच्याकडे उचलतातच, पण आधी एकदा ऐकावं तरी लागतं ना! शब्द न चुकता, वरच्या-खालच्या सुरांसकट गात होते मेले. बिअरला कोणी उठलं नाही. लायनेलचे डोळे भरून आले.

"छान हो," दारावर पैसे गोळा करणारी डोरीन म्हणाली. "फक्त दुसऱ्या कडव्यात 'खारी वाट' हवं, 'ओली वाट' नाही. माझी आजी म्हणायची."

"अहो, हे मी आज सकाळी केलंय!"

"हो रे बाबा," ती म्हणाली. "मागचाही असंच म्हणाला होता. आणि चौथं गाळलंस."

"तीनच आहेत."

डोरीननं सूर धरायला कानात बोट घातलं आणि चौथं सुरू केलं. त्यात गाणारा गिटार खुर्चीवर ठेवतो आणि गाणं कुणाचं ते विचारायला धक्क्यावर उतरतो. सगळी माडी गाऊ लागली.

"माझंच आहे ते! धक्क्यावर कुणालाही विचारा!" लायनेल ओरडला.

गिटार खुर्चीवर ठेवून तो तरातरा जिना उतरला.

मला हसू आलं. मग कळलं, मीही गात होते.

सोडत झाली. डबा मलाच लागला.

लायनेल आला नाही. खिडकीतून पाहिलं, धक्का रिकामा होता. मला भीती वाटली.

"मी बघून येते," मी उठले.

"जा ना," डोरीन मायेनं म्हणाली. "व्हायोलिन राहू दे खुर्चीवर. मागचीनंही तिथेच ठेवलं होतं."