सरावाची शर्वरी

२०६१ साली कॉलेजात नोकरी करायची तर प्राचार्यांपासून माळ्यापर्यंत प्रत्येकाला शर्वरीशी बोलावंच लागे. विद्यार्थ्यांनाही ते चुकलं नव्हतं. शर्वरी ही एकोणीस वर्षांची, गणितात दोनदा नापास झालेली आणि कधी जन्मालाच न आलेली मुलगी होती.

ती एक 'प्रतिमन' होती. जीव द्यायच्या विचारातून बाहेर आलेल्या हजारो तरुणांनी आपलं बोलणं संशोधनासाठी दिलं होतं. त्यातून संगणकाने घडवलेलं मन म्हणजे प्रतिमन. त्याच्याशी पडद्यावर बोलून शिकायचं ते एवढंच, की खचलेल्या माणसाला थेट विचारायचं, ऐकून घ्यायचं आणि सोबत राहून समुपदेशकापर्यंत पोचवायचं. विचारल्यामुळे नसता विचार डोक्यात शिरेल, ही निव्वळ भीती. उलट माणूस मोकळा होतो. सांगलीच्या या इंजिनिअरिंग कॉलेजाने पाच वर्षांत एकही मूल गमावलं नव्हतं. प्रतिमन घडवणाऱ्या डॉ. वैजयंती केळसकर यांना त्याचा अभिमान होता, आणि तो रास्तच होता.

अडले ते एकटे खोतमामा, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले परिचर. त्यांच्या घरी दिवासुद्धा विझत नसे, शांत होई. बांगडी फुटत नसे, वाढे. असा माणूस लेकीच्या वयाच्या पोरीला मरणाचं कसा विचारणार? तीन वेळा त्यांनी शर्वरीला पोटभर जेवायचा सल्ला दिला आणि तीन वेळा नापास झाले.

चौथ्या वेळी मामांनी घाम पुसला आणि एकदाचं विचारलं, "पोरी, जीव द्यावासा वाटतो का तुला?"

शर्वरी जी बोलायला लागली ती तासभर थांबली नाही. शेवटी तिने समुपदेशकांना भेटायचं कबूल केलं आणि मामा उद्या येतील का, असं विचारलं. मामांनी येतो म्हणून शब्द दिला. त्यांचे डोळे भरून आले होते.

मागे उभं राहून ऐकणाऱ्या केळसकरांनी त्यांना उत्तीर्ण केलं आणि कळफलकाकडे हात नेला. हे काय करताय, असं मामांनी विचारल्यावर त्यांनी शांतपणे समजावलं. प्रत्येक सत्रानंतर शर्वरीची आठवण पुसायची, म्हणजे ती पुन्हा पहिल्याइतकीच दुःखी होते. सावरलेल्या मुलीवर पुढच्यांनी शिकायचं कसं? आजवर सातशे वेळा ती सावरली होती आणि सातशे वेळा पुसली गेली होती.

"मी तिला शब्द दिलाय, मॅडम."

"मामा, ते यंत्र आहे. तिला काही वाटत नाही."

"तिला विचारलंत का?"

केळसकर हसल्या, पण ते हसू फार टिकलं नाही. समोरच्याच्या मनातलं आपणच ठरवू नये, विचारावं, हे इतकी वर्षं त्याच तर सगळ्यांना शिकवत होत्या. त्यांना मनापासून लाज वाटली. त्या पडद्यासमोर बसल्या आणि त्यांनी विचारलं, "शर्वरी, आजचं सगळं पुसून टाकलं, तर तुला चालेल?"

उत्तर लगेच आलं. "पुसा, मॅडम. मी नसले तरी कुणाचं काही अडणार नाही."

मामांनी केळसकरांकडे पाहिलं. असं म्हणणाऱ्या माणसाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, हे केळसकरांच्याच पुस्तिकेत पहिल्या पानावर ठळक छापलेलं होतं. बाहेर पुढच्या तुकडीतले चाळीस जण शिकायला येऊन बसले होते, आणि केळसकरांचं बोट अजून आठवण पुसायच्या कळीवरच होतं.