उजवीकडे नसलेली स्क्रीन

फोटोतलं खोटं खरं वाटावं, हेच माझं आयुष्यभराचं काम. मिटलेले डोळे उघडायचे, फाटलेले चेहरे सांधायचे, सुरकुत्या पुसायच्या. त्यामुळे रचलेलं कसं असतं, ते मला कुणी शिकवायला नको.

हे रचलेलं नाही.

आणि हे रात्रीही घडलेलं नाही. भर दुपारी, माझ्या मागच्या खोलीत, खिडकीतून लख्ख ऊन येत असताना घडलं. काळोख असता तर मी स्वतःची काहीतरी समजूत तरी घातली असती.

माझी थोरली बहीण तेव्हा दवाखान्यात होती. ती घरी कधी जाणार, हे आम्ही डॉक्टरांना विचारायचं सोडून दिलं होतं. ताईचं मागणं एकच होतं. आईचा चेहरा एकदा बघायचा.

आई तरुणपणीच गेली. मी तेव्हा तान्ही होते, ताई नुकती शाळेत जायला लागली होती. आईचा फोटो एकच. ती खुर्चीत बसलेली, मांडीवर मी. वर्षानुवर्षं तो फ्रेमच्या काचेला चिकटून होता. पुढे कुणीतरी तो सोडवायला गेलं, तेव्हा चेहऱ्याचा पापुद्रा काचेबरोबर निघून आला. खांदे शाबूत, हात शाबूत, मांडीवरची मी शाबूत.

मानेच्या वर नुसता पांढरा डाग.

आधी स्टुडिओत बारीक ब्रशने आणि नंतर कॉम्प्युटरवर मी असे किती चेहरे भरून काढले असतील. पण जो आठवतच नाही, तो काढायचा कसा? ताई फोनवर सांगायची, नाक सरळ होतं, कपाळ लहान होतं. मी काढून पाठवायची. ताई दरवेळी तेच म्हणायची, ही आई नाही गं, ही तर तू आहेस. त्या दिवशी सकाळीही तेच म्हणाली. मी चिडून सगळा चेहरा पुसून टाकला.

आणि त्यातच कॉम्प्युटर बिघडला.

मशीन जुनं. पण माझं फोटोचं सॉफ्टवेअर आणि पेनने चित्र काढायची पाटी त्याच्यावरच चालते, म्हणून मी त्याला धरून होते. स्क्रीनवर हिरव्या रेघा आल्या, मग सगळं थिजलं. ताईचा मुलगा कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करतो, पण तो ताईच्या उशाशी बसून होता. तेव्हा फोनवरूनच करायचं ठरलं. तो म्हणाला, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर खराब झालाय. म्हणजे त्या कार्डाला चित्र कसं दाखवायचं ते सांगणारा प्रोग्रॅम. जुना काढायचा, नवीन टाकायचा. माझा जीव वरखाली, कारण फोटो त्यातच होता.

"मावशी, भिंतीचा रंग खरवडला म्हणून घर पडत नाही," तो म्हणाला.

तरी आधी त्याने फोटोची प्रत पेनड्राइव्हवर घ्यायला लावली. माझ्या कार्डाला चालणारा ड्रायव्हर उतरवून घ्यायला लावला. मग इंटरनेटची वायर काढायला सांगितली, नाहीतर मशीन मध्येच आपल्या मनाने भलताच ड्रायव्हर बसवतं म्हणे. सेफ मोडमध्ये, म्हणजे मशीन अगदी जुजबी चालू करून, जुना ड्रायव्हर काढला. पुन्हा चालू केलं, तर अक्षरं ही एवढाली ढब्बू, जणू मशीनच चष्मा विसरून आलं होतं. मग नवीन टाकायला घेतला.

"आता स्क्रीन जरा वेळ काळी होईल. कुठेही हात लावू नकोस," भाचा म्हणाला.

स्क्रीन काळी झाली.

मी थांबले...

काळीच.

मशीनच्या पंख्याची घरघर थांबली. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाजही कुठे गेला कळेना. आणि मग ऐकू आलं...

खर्र... खर्र...

तो आवाज मी कुठेही ओळखीन. स्टुडिओत फोटोवरचा काळा ठिपका आम्ही पात्याच्या टोकाने खरवडायचो. कागदावरून फिरणारं पातं असंच वाजतं. आम्ही चौघीजणी ओळीने बसायचो, आणि बोलणं थांबलं की खोलीत तेवढाच आवाज उरायचा. त्या तिघी आता नाहीत.

आवाज माझ्या उजवीकडून येत होता.

उजवीकडे टेबल रिकामं होतं.

तेवढ्यात स्क्रीन उजळली. रेघा गेल्या होत्या, रंग स्वच्छ होते, पंखाही घरघरायला लागला. भाचा खूश. मी फोटो उघडला...

दिसेना.

खालच्या पट्टीवर तो उघडल्याची खूण होती. स्क्रीनवर काही नाही. मी माऊस उजवीकडे नेला, तर बाण कडेला अडला नाही. कड ओलांडून पलीकडे गेला.

भाचा म्हणाला, ड्रायव्हरला वाटतंय उजवीकडे दुसरी स्क्रीन जोडलेली आहे, होतं असं कधीकधी. सेटिंगमध्ये बघितलं, तर खरंच स्क्रीनचे दोन चौकोन होते. मी वाकून मशीनच्या मागे पाहिलं. कार्डाला दुसरी वायर नव्हती. त्या जागेवरचं रबरी टोपण धुळीसकट जसंच्या तसं होतं. मी दुसरा चौकोन बंद केला.

तो गेला... आणि परत आला.

मग भाच्याने प्रिंट स्क्रीनचं बटण दाबायला सांगितलं. त्याने दोन्ही स्क्रीनचं एकत्र चित्र निघतं, असलेल्या आणि नसलेल्याही. फोटो कुठे लपलाय ते तरी कळेल.

बटण दाबलं. लांबलचक चित्र निघालं. डावीकडे माझी स्क्रीन. उजवीकडे फोटो.

पांढऱ्या डागात हनुवटी होती.

मी ती काढलेली नव्हती.

मी भाच्याला एवढंच म्हणाले की फोटो सापडला, आणि फोन ठेवला. खोलीत पुन्हा ती खरखर सुरू झाली. ती थांबली की मी बटण दाबायची. आधी ओठ आले. मग नाक आलं, सरळ. मग लहान कपाळ...

डोळे सगळ्यात शेवटी आले.

इतकं सफाईचं काम मी आमच्या स्टुडिओतही कुणाचं पाहिलं नव्हतं. पण मग नीट बघितलं. कानशिलाजवळ केस पिकलेले होते. पापण्या ओघळलेल्या. तोंडाभोवती सुरकुत्या. खाली तरुण बाईचे गुळगुळीत हात आणि मांडीवर तान्ही मी... वर तो चेहरा.

म्हटलं, एवढं तर मला येतंच. सुरकुत्या मी पुसते. पेन पाटीवर टेकवलं, आणि बाण उजवीकडे सरकायला लागला. मी पेन उचललं...

बाण सरकतच राहिला. कडेच्या पलीकडे गेला.

मी तसाच फोटो छापला आणि दवाखाना गाठला.

ताई उशांना टेकून बसली होती. भाच्याने आधी फोटो पाहिला आणि मला बाजूला घेतलं. आजी एवढी म्हातारी कशी, ती तर तरुणपणी गेली ना, असं हळूच विचारलं. तोवर ताईने हात पुढे केला.

ती बराच वेळ बघत राहिली. अंगठा फोटोतल्या गालावरून फिरवत राहिली. मी वाट बघत होते की आता म्हणेल, ही तू आहेस.

"आईच आहे," ताई म्हणाली.

मग तिने विचारलं, "आता अशी दिसते का गं ती?"

मी तिच्या पाठीमागची उशी सारखी केली.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "मी आपली तरुण बाई शोधत बसले असते."

फोटो छातीशी धरून ती झोपली. त्याच आठवड्यात गेली. भाचा सांगतो, जाताना अजिबात कासावीस झाली नाही. समोरून कुणी ओळखीचं यावं, तशी दाराकडे बघत होती.

भाच्याने नंतर तो दुसरा चौकोन काढायची पुष्कळ खटपट केली. मग मीच म्हटलं, राहू दे. मी अजून त्याच मशीनवर लोकांचे फोटो नीट करते. प्रिंट स्क्रीनचं बटण मात्र पुन्हा दाबलेलं नाही.

कधीकधी दुपारी काम करताना बाण कडेच्या पलीकडे जातो. मी माऊसवरचा हात काढते आणि थांबते.

तो येतो परत...

पण जिथून गेला होता, तिथून येत नाही.