परातीत उतरलेलं छत

आठ दिवे लावले आणि आठही गायब झाले.

अबोलीने स्क्रीन जवळ धरली, लांब धरली, ओढणीने पुसली. नकाशात भिंती होत्या, खिडक्या होत्या, आठ माग होते. दिवे तेवढे नव्हते. तिने पुन्हा आठ दिवे लावले, तेही गायब. आणि बाजूच्या यादीत मात्र आकडा झळकत होता, ‘दिवे : सोळा’. सहावीतल्या मुलीने अशा वेळी काय करायचं? तिने यंत्राला शिव्या घातल्या, पण मनातल्या मनात, कारण आबा शेजारीच बसले होते.

ही गोष्ट 2047 सालची, येवल्याच्या बाजूच्या एका गावातली. गावात पैठणी विणणाऱ्यांचं नवं मागघर बांधायचं काम चाललं होतं. आता घर बांधायचं म्हणजे आधी ते कॉम्प्युटरमध्ये उभं करायचं, आणि ते पाहून यंत्रमानव खरं घर बांधणार, अशी रीत पडली होती. इथला यंत्रमानव कणगीएवढा उंच आणि चार हातांचा होता. कारखान्याने त्याला काहीतरी भारदस्त नाव दिलेलं, पण गवंड्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं उरकून टाकलं. त्याला सगळे ठोकळ्या म्हणत.

आबा म्हणजे अबोलीचे आजोबा. चाळीस वर्षं वायरमन. जुन्या मागघरातली वायर न वायर त्यांनी ओढलेली. म्हणून विणकरांच्या संस्थेने त्यांनाच गळ घातली, की आबा, इमारत नवी असू द्या, पण उजेड जुन्यासारखाच पाहिजे. आबांची बोटं आताशा स्क्रीनवर थरथरत, पण ते कबूल करतील तर शपथ. ते म्हणत, मापं मी घेतो, भरायचं काम पोरीने करावं, तेवढीच ती शिकेल.

उजेडाचा एवढा आग्रह कशाला? तर पैठणीचा मोर विणताना उजवा हात सारखा धाग्यांवरून फिरत असतो. दिवा उजवीकडे असला की त्या हाताची सावली नेमकी मोरावर पडते. म्हणून जुन्या मागघरात प्रत्येक विणकराच्या डाव्या अंगाला, मागापासून दोन वितींवर दिवा होता. अबोलीची आई तिसऱ्या मागावर बसायची. तिचे डोळे अलीकडे दुखू लागले होते, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, ताण वाढला तर माग सोडावा लागेल. आई हे हसत हसत सांगायची. अबोलीला त्या हसण्याचीच धास्ती वाटायची.

तर दिवे गेले कुठे? ठोकळ्या सळ्यांचा भारा खाली ठेवून आला आणि त्याच्या नेहमीच्या सपाट आवाजात सांगू लागला. नकाशा काढताना घर छातीच्या उंचीवर सुरीने आडवं कापलं असं धरायचं, वरचा भाग झाकणासारखा उचलून बाजूला ठेवायचा आणि उरलेल्यात वरून डोकवायचं. या उंचीला छेदपातळी (घर जिथे कापलं असं मानतो ती पातळी) म्हणतात. भिंती, दारं, माग खालच्या भागात राहतात म्हणून दिसतात. दिवे छताला, आणि छत तर झाकणाबरोबर गेलं.

म्हणजे डब्याचं झाकण काढायचं आणि झाकणाला चिकटलेला लाडू डब्यात शोधायचा, असं झालं. अबोलीला पटलं. पण मग यादीला सोळा दिवे कसे कळले? ठोकळ्या म्हणाला, कारण ही दिव्यांची चित्रं नाहीत. इथल्या प्रत्येक दिव्याला स्वतःची माहिती असते: तो किती वीज खातो, कुठल्या बटणावर लागतो, त्याची वायर कुठल्या पेटीतून येते. चित्र दिसलं नाही तर संपलं. दिवा दिसला नाही तरी तो असतो आणि मोजला जातो. अबोलीने छताचा नकाशा उघडला. तिथे सोळाच्या सोळा दिवे एकमेकांच्या डोक्यावर बसले होते. तिने जास्तीचे आठ पुसले आणि दुपारपर्यंत ठोकळ्याने छताच्या सळ्यांमध्ये दिवे टांगायचे आठ डबे आणि वायरचे पाइप बसवूनही टाकले.

स्लॅब दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पडणार होता. एकदा काँक्रीट घट्ट झालं की डबा जिथे असेल तिथे तो जन्माचा.

चार वाजता आई चहा घेऊन आली. तिला तिचा तिसरा माग दाखवावा म्हणून अबोलीने ठोकळ्याला सांगून खालचा नकाशा आणि छताचा नकाशा एकावर एक ठेवले. आईने कप खाली ठेवला आणि बोटाने तिसरा माग शोधला.

“माझा दिवा उजवीकडे का गं?” तिने विचारलं.

एकटा तिचाच नाही, आठही दिवे उजवीकडे होते. संख्या बरोबर, अंतरं बरोबर, फक्त बाजू चुकलेली. आबा तापले. तीन वेळा मापं घेतलीत, म्हणाले, चाळीस वर्षांत एक पॉइंट चुकला असेल तर दाखवा. अबोलीने त्यांचा कागद आणि स्क्रीन ताडून पाहिली. तिने लिहिल्याप्रमाणेच भरलं होतं. ठोकळ्यानेही भरल्याप्रमाणेच बसवलं होतं. तिघंही बरोबर आणि काम चुकीचं, असं कधी असतं का?

साइटच्या इंजिनिअर नाझनीनताईंनी एक तोड सुचवली. स्लॅब होऊ द्यावा, नंतर वरून वायर लोंबती सोडून दिवे सरकवू. आबांनी नकाराची मान हलवली. मागाच्या वर शेकडो दोऱ्यांचा पसारा असतो, त्यात लोंबती वायर म्हणजे आगीला आवतण. मग चूक कुठे झाली ते पाहायला सगळे उठून जुन्या मागघरात गेले.

आबांनी मापं कशी घेतली ते करून दाखवलं. नकाशात खिडक्यांची भिंत वरच्या बाजूला होती, म्हणून खिडक्यांकडे डोकं करून ते सतरंजीवर उताणे झोपले, कागद तोंडासमोर धरला आणि छत पाहून एकेक दिवा टिपला. डाव्या भिंतीपासून पहिला दिवा इतके फूट, दुसरा तितके. सगळं चोख. नाझनीनताईंनाही त्यात खोट सापडेना.

अबोली मात्र भलतीकडेच बघत होती. तिसऱ्या मागाजवळ सूत भिजवायची परात होती, पाण्याने भरलेली, आणि तिच्यात वरचा दिवा चमकत होता. ती परातीजवळ गेली, विणकर बसतात तसं खिडक्यांकडे तोंड करून उभी राहिली आणि खाली वाकली. पाण्यात दिवा मागाच्या डावीकडे होता. तिने डावा हात दिव्याकडे केला.

“आबा, तुम्हीही डावा हात पसरा.”

आबांनी झोपल्या झोपल्या हात पसरला. अबोलीचा हात रस्त्याकडच्या भिंतीकडे, आबांचा विहिरीकडच्या भिंतीकडे. दोघांचेही डावेच हात, आणि ते बरोबर उलट्या दिशांना.

आता सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. आबांनी छत खालून वर बघून टिपलं, आणि नकाशा वाचणारा मात्र नेहमी वरून खाली बघतो. खालून पाहिलेलं तसंच कागदावर उतरवलं की डावं-उजवं पालटतं. म्हणून छत काढताना जमिनीवर मोठा आरसा अंथरला आहे असं धरतात आणि त्यात वाकून पाहिल्यावर जे दिसेल ते काढतात. याला परावर्तित छत-आराखडा (जमिनीवरच्या आरशात दिसेल तसं काढलेलं छत) म्हणतात. मग खालचा मागाचा नकाशा आणि वरचा दिव्यांचा नकाशा एकमेकांवर चपखल बसतात. जुन्या मागघरात तो आरसा परातीच्या रूपाने रोज पडलेला होता, फक्त त्यात कुणी वाकून पाहिलं नव्हतं.

आबा उठून बसले. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि अबोलीला वाटलं, आपण ही परात पाहिलीच नसती तर बरं झालं असतं. पण आबा काठी टेकत थेट नव्या इमारतीकडे गेले. गवंडी हातपाय धूत होते, त्यांच्यासमोर उभे राहिले.

“चूक माझी आहे,” ते म्हणाले. “माझ्या नातीने पकडली. डबे पुन्हा बसवायचे आहेत.”

तोवर अबोलीने स्क्रीनवर आठ दिवे निवडले, हॉलच्या मधोमध एक रेघ धरली आणि ‘उलटव’ दाबलं. आठही दिवे टुणकन डावीकडे गेले, आणि वायरी, बटणं, पेटी सगळं त्यांच्यामागून आपापल्या जागी आलं. दिव्यांना आपली वायर कुठली ते ठाऊक होतं ना. ठोकळ्याने हिशेब केला, तीन तास पन्नास मिनिटं लागतील. गवंड्यांनी हात धुवायचे थांबवले आणि त्याच्याबरोबर वर चढले. सकाळी सातला स्लॅब पडला, एक मिनिटही उशीर न होता.

संक्रांतीला नवं मागघर सुरू झालं. आई तिसऱ्या मागावर बसली. कुणी काही म्हणायच्या आत आबांनी पाण्याची परात आणून मागाशेजारी ठेवली, खिडक्यांकडे तोंड करून वाकले आणि दिवा डावीकडेच आहे ना ते पाहून घेतलं. मगच त्यांनी आईला विणायला सांगितलं.

पुढच्या वर्षी ठोकळ्या चंद्रावर जाणार आहे, तिथल्या वसतिगृहाचे दिवे बसवायला. अबोलीने त्याच्या कामाच्या यादीत सगळ्यात वर एक प्रश्न घालून ठेवला आहे. छताचा नकाशा घेऊन कुणीही आलं, मग तो केवढाही मोठा इंजिनिअर असो, की ठोकळ्या आपल्या सपाट आवाजात विचारतो, “छत पाहताना आपण उभे होता की आडवे?” माणसं आधी हसतात. मग आपला कागद पुन्हा एकदा बघतात.

आणि आई? तिने परवाच पहिला मोर पूर्ण केला. डोळे दुखले का, म्हणून अबोलीने विचारलं, तर ती म्हणाली, “छे गं, उलट दुसरा सुरू केला.” या वेळी तिच्या हसण्याची अबोलीला अजिबात धास्ती वाटली नाही.